युक्ती छापा, पण अर्धी छापू नका

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

विषय : वाचकांच्या दुरुस्ती-युक्त्यांच्या पानाबद्दल

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेल्या घरगुती दुरुस्तीच्या आणि छंदाच्या कामांतल्या युक्त्या येतात. ते पान मी आधी वाचते, अग्रलेख नंतर. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी राग मानू नये. गेल्या रविवारी एका वाचकांनी लिहिलंय : छताचा पंखा हळू फिरत असेल तर अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढा, चारचा बसवा, पंखा भन्नाट पळतो. (मायक्रोफॅरड म्हणजे कंडेन्सरची विद्युतभार साठवायची क्षमता मोजायचं एकक.) हे करणाऱ्यांचा पंखा थोडा जोरात फिरेलही, आणि तीच पंचाईत आहे.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे मी कोणत्या तोंडानं बोलते आहे ते कळेल. मी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. विद्यार्थ्यांनी जाळलेले मीटर, तुटलेल्या वायरी, रुसलेले सिग्नल जनरेटर पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. आता निवृत्त आहे, पण टेबलावर काहीतरी उघडलेलं पडलेलं असतंच. आमचा एक छोटा कंपूही आहे. त्यात एक निवृत्त फिटर आहेत, लाकूडकामाचा नाद असलेल्या एक बँकेतल्या बाई आहेत, दोन-तीन कॉलेजातली मुलं आहेत. अडलं की एकमेकांना विचारतो, जमलं की सांगतो. तेव्हा युक्त्यांशी माझं वैर नाही. वैर आहे ते शेंडा-बुडखा नसलेल्या युक्तीशी.

आता तो पंखा. छताच्या पंख्याच्या मोटरमध्ये वाइंडिंगचे दोन भाग असतात, एक मुख्य आणि एक साहाय्यक. कंडेन्सर साहाय्यक वाइंडिंगच्या ओळीत जोडलेला असतो. त्या वाइंडिंगमधला प्रवाह मुख्य वाइंडिंगमधल्या प्रवाहाच्या जरा पुढे काढणं, एवढंच त्याचं काम. या पुढेमागे असण्यामुळे मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र फिरायला लागतं आणि त्याच्यामागे पंखा फिरतो. मोटर बनवणाऱ्यानं तारेची जाडी, वेढ्यांची संख्या बघून त्याला साजेसा कंडेन्सर ठरवलेला असतो. मोठा घातला की साहाय्यक वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जातो. सुरुवातीला वेग थोडा वाढतो, पण मोटर गरम राहते, घुमते आणि तारेवरचं इनॅमल, म्हणजे विद्युतरोधक लेप, हळूहळू भाजत जातं. एका संध्याकाळी काही होत नाही. वाचकांनी आपल्याला पत्र लिहिलं तेव्हा पंखा झकास चालत असणार, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला अजिबात शंका नाही.

पण पंखा मुळात हळू का फिरत होता? पत्रात त्याचा पत्ताच नाही. बेअरिंग सुकलं असेल, रेग्युलेटर बिघडला असेल, घरात व्होल्टेजच कमी येत असेल, किंवा कंडेन्सर खरंच म्हातारा झाला असेल. चार कारणं, चार वेगळे उपाय. आणि ती वेगळी करायला फार डोकंही लागत नाही. मेन स्विच बंद करून पंखा हातानं ढकलावा. सहज, आवाज न करता बराच वेळ घरंगळत राहिला तर बेअरिंगवर संशय नको. संध्याकाळी दिवेही मंद असतील तर आधी मीटर लावून व्होल्टेज बघावं. रेग्युलेटर बदलून किंवा जाणत्याकडून तो वगळून बघितल्यावर पंखा वेग घेत असेल तर चोर तिथे सापडला. बटण दाबल्यावर नुसताच गुणगुणत राहतो आणि काठीनं ढकलला की चालू पडतो, असं असेल तर बोट कंडेन्सरकडे जातं. मग मेन बंद ठेवून कंडेन्सर काढायचा, त्यातला साठलेला विद्युतभार उतरवायचा आणि मायक्रोफॅरड दाखवणाऱ्या मल्टिमीटरला लावायचा. अंगावर 2.5 आणि ±5% छापलेलं असेल तर मीटरवर 2.37 ते 2.63 च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. तिथे 1.6 दिसलं की विषय संपला. आतल्या प्लॅस्टिकच्या फिल्मवरचा धातूचा पातळ थर जागोजागी जळून कमी होत जातो, म्हणून वर्षानुवर्षं वापरलेला कंडेन्सर असा आटतो. त्याच्या जागी पुन्हा अडीचचाच बसवायचा. पंखा नव्यासारखा फिरतो आणि मोटरही शाबूत राहते.

मला शंका आहे की त्या वाचकांचा जुना कंडेन्सर असाच आटलेला होता. नवा अडीचचा घातला असता तरी त्यांना 'भन्नाट' वाटलं असतं. पण त्यांनी जुना मोजला नाही, त्यामुळे श्रेय चारच्या आकड्याला गेलं. आता ती युक्ती कात्रण होऊन किती घरांत पोहोचेल, कोण जाणे.

बहुतेक युक्त्या तद्दन खोट्या नसतात, हे मला माहीत आहे. कुठेतरी, कशावर तरी त्या खऱ्या ठरलेल्या असतात. छापताना नेमकं ते 'कुठे' आणि 'कशावर' गळून पडतं. दोन महिन्यांपूर्वी याच पानावर आलं होतं : रेझिन लवकर सुकत नसेल तर हार्डनर थोडा जास्त घाला. फायबरग्लासच्या कामात वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन असेल तर हे बरोबर आहे, मर्यादेत. त्याचा हार्डनर म्हणजे नुसती ठिणगी. साधारण शेकडा एक ते दोन भाग घालतात, आणि त्या पट्ट्यात जास्त घातला की लवकर घट्ट होतं. पण एपॉक्सीचा हार्डनर हा ठिणगी नव्हे, तो अर्धा संसार आहे. रेझिनचा प्रत्येक रेणू हार्डनरच्या रेणूशी जुळायचा असतो, म्हणून डब्यावर दोनास एक किंवा एकास एक असं प्रमाण लिहिलेलं असतं. जास्त ओतलेला हार्डनर जोडीदाराविना तसाच उरतो आणि पृष्ठभाग कायमचा चिकट, रबरासारखा राहतो. एपॉक्सी लवकर घट्ट करायची तर ऊब द्यावी लागते, बाटली वाकडी करून उपयोग नाही. दोन्ही बाटल्यांना लोक हार्डनरच म्हणतात, दोन्हींचा वास डोक्यात जातो, आणि आपल्या पानावर फक्त 'रेझिन' छापलं गेलं. आमच्या कंपूतल्या लाकूडकामवाल्या बाईंनी ते वाचून एका टेबलाच्या फळीवर एपॉक्सी ओतायचा बेत केला होता. फिटरकाकांनी वेळेत विचारलं, "डब्यावर काय लिहिलंय ते वाच आधी." प्रमाण वजनानं आहे की मापानं, हेही त्यांनीच वाचायला लावलं, दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते, त्यामुळे वजनाचं प्रमाण मापानं घेतलं की गणित बिघडतं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तुंबलेलं सिंक मोकळं करण्याची युक्ती तर आपल्या पानावर ठरावीक मुदतीनं परत येते. फेस छान येतो, हे कबूल. पण सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, म्हणजे जवळपास पाणीच. चुन्याचे डाग काढायचे तर नुसतं व्हिनेगर, घासायचं तर नुसता सोडा. पाइपातल्या केसांच्या गोळ्याला मात्र हुक घालून बाहेर ओढण्याला पर्याय नाही.

आता चांगल्या युक्तीबद्दलही बोलते, नाहीतर म्हातारी नुसती कुरकुरते असं म्हणाल. मागे एका वाचकांनी प्लॅस्टिकच्या डब्यातल्या स्क्रूबद्दल लिहिलं होतं. रिमोट, खेळणं, मिक्सरचं बूड असं काही उघडून परत बंद करताना स्क्रू भोकात ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. एका ठिकाणी तो हलकेच खाली बसतो, बोटांना 'टक्' जाणवतं. तिथून सुलटा फिरवायचा. असे स्क्रू पहिल्यांदा आत जाताना स्वतःच प्लॅस्टिकमध्ये आटे कापतात. तो 'टक्' म्हणजे स्क्रूचा आटा जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. तसं न करता दाबून पिळला तर दुसरे आटे पाडतो, आणि असं थोड्या वेळा झालं की भोक गुळगुळीत होतं, स्क्रू नुसता गरगर फिरतो. त्या वाचकांनी हे सगळं सहा ओळींत लिहिलं होतं. काय करायचं, कशावर करायचं, का करायचं, आणि मुख्य म्हणजे बरोबर झालं हे हाताला कसं कळणार. ते कात्रण माझ्या हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे.

युक्ती देणाऱ्यांइतकीच विचारणाऱ्यांचीही बाजू आहे. आपण अधूनमधून वाचकांचे प्रश्नही छापता. त्यातले निम्मे 'अमुक चालत नाही, उपाय सांगा' एवढ्यावर संपतात. चालत नाही म्हणजे काय? दिवा लागतो का? आवाज येतो का? पहिल्यापासून चालत नाही की काल चालत होतं? काल आणि आजच्या मध्ये काय बदललं? हे विचारल्याशिवाय उत्तरं देणं म्हणजे पोट दुखतंय म्हणणाऱ्याला शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या घरात उरलेल्या गोळ्या आणून देणं. पण उत्तरांचा पाऊस पडतो, कारण उत्तर द्यायला सगळ्यांनाच आवडतं.

आमच्याच कंपूतला ताजा किस्सा सांगते. एका मुलानं कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं. ईएसपी32 नावाचा छोटा बोर्ड, मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, छोटा पंप, आणि मोबाइलवर आकडा दिसावा म्हणून वाय-फाय. पंप सुरू झाला की बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. त्यानं चार लोकांना विचारलं. एकानं सांगितलं कोडमधली लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) बदल, दुसऱ्यानं सेन्सर बदल म्हटलं, तिसऱ्यानं बोर्ड नकली आहे असा निकाल दिला. पोरानं सगळं एकदम बदललं. बिघाड तसाच राहिला, वर आता नव्या लायब्ररीच्या नव्या चुकाही आल्या.

मी त्याला म्हटलं, बंद पडतो त्या क्षणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय उमटतं? तर म्हणतो, "काहीतरी येत राहतं, मी वाचलं नाही." वाचलं तर स्पष्ट लिहिलेलं होतं, 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड'. म्हणजे बोर्ड बिचारा स्वतःच सांगत होता की माझं व्होल्टेज खाली पडतंय. वाय-फाय संदेश पाठवतं तेव्हा हा बोर्ड क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो. पंपाची मोटर सुरू होताना चालू असतानापेक्षा कितीतरी जास्त ओढते. दोघं एकाच बारीक, लांब यूएसबी केबलवर. त्या तारेतच व्होल्टेज खर्ची पडायचं. त्यानं मल्टिमीटर लावून दाखवला, "बघा, पाचच्या आसपास आहे." पण साधा मल्टिमीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो, मिलिसेकंदांपुरती पडलेली खोच त्याला दिसत नाही. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. म्हणून आधी मोटरची एक वायर सोडवली आणि बाकी सगळं तसंच ठेवून चालवलं. बोर्ड बंद पडला नाही. एकच गोष्ट बदलली, एकच उत्तर मिळालं.

मग त्यानं पंपाला वेगळा वीजपुरवठा दिला, तर पंप फिरेचना! पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वेगळे पुरवठे जोडले की दोघांचा ग्राउंड, म्हणजे वजा टोक, एकमेकांना जोडावा लागतो, नाहीतर बोर्डाकडून ट्रान्झिस्टरला गेलेल्या इशाऱ्याला परतीची वाटच नसते. ती एक काळी वायर जोडली आणि पंप सुरू झाला. मोटर बंद होताना उलटा झटका देते, म्हणून तिच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा बसवायला लावला, आणि बोर्डाजवळ 470 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (कंडेन्सरचंच हे दुसरं नाव). इथवर सगळ्यांच्या बाबतीत होतं तसंच झालं. पुढे जे झालं त्यावर माझं त्याच्याशी भांडण झालं. ज्या चौघांना विचारलं होतं त्यांना त्यानं दोनच शब्द कळवले : 'झालं, धन्यवाद.' काय झालं? कशामुळे झालं? लायब्ररी बदल म्हणणारा आजही समजतो की त्याच्या सल्ल्यानं झालं, आणि पुढच्या माणसाला तोच सल्ला देणार. मी त्याला बसवून सगळं लिहायला लावलं : लक्षण, पडद्यावरचा संदेश, काय काढल्यावर बिघाड गेला, काय जोडल्यावर दुसरा आला. रुसला होता, पण लिहिलं.

बिघाड शोधताना मधोमध कापायची पद्धत जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला असायची. बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ मुका झाला की व्हॉल्यूम कंट्रोल निम्म्यावर ठेवायचा आणि त्याच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवायचं, पात्यावर आपलं बोट. स्पीकरमधून खरखर, घुर्र असं काही आलं तर तिथपासून स्पीकरपर्यंतचा भाग जिवंत आहे; खोट त्याच्या अलीकडे. काही आलं नाही तर पलीकडे. एका स्पर्शात निम्मा रेडिओ संशयातून सुटला. मग उरलेल्या भागाचा मध्य. आठ टप्पे असतील तर तीन तपासण्यांत खोट सापडते. एकेक भाग बदलत बसलात तर नशिबावर. (मेन्सवर चालणाऱ्या रेडिओच्या पोटात असं बोट घालायचं नाही, हे वेगळं सांगायला हवं. पाहिलंत, ही एक ओळ गाळली असती तर माझीही युक्ती जीवघेणी झाली असती.)

सोल्डरिंगच्या बाबतीतही तसंच. 'डाग मळकट, खरबरीत दिसला तर तो ड्राय सोल्डर', म्हणजे नीट न धरलेला जोड, हे वाक्य प्रत्येक जण तोंडपाठ म्हणतो. शिसं-कथिलाच्या सोल्डरला ते लागू आहे. 63 भाग कथिल आणि 37 भाग शिसं असलेलं सोल्डर 183 अंशांना एकदम वितळतं, एकदम गोठतं आणि चकचकीत दिसतं. शिसं नसलेलं सोल्डर 217 अंशांच्या पुढे वितळतं आणि चांगला बसलेला डागही जरा मळकटच दिसतो. नवं यंत्र उघडून सगळे डाग खराब समजून पुन्हा तापवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. डाग तांब्यावर पसरून कडेला पातळ होत गेलाय का, की थेंबासारखा गोल उभा आहे, हे बघावं. चकाकी बघून फसू नये.

आता जरा कडक बोलते. काही युक्त्या पूर्ण लिहिल्या तरी छापू नयेत. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी जळकी नक्षी काढायचा प्रकार छंदवाल्यांत पसरला आहे. दिसायला ती नक्षी सुंदरच असते. पण त्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे दोन हजार व्होल्ट निघतात आणि माणसाला मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट प्रवाह तो देऊ शकतो. शॉक लागून अनेक हौशी माणसं यात जागच्या जागी गेली आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वूडटर्नर्स ही लाकूडकाम करणाऱ्यांची संस्था आपल्या कार्यक्रमांत याचं प्रात्यक्षिक होऊ देत नाही. घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती दिसली की पुरवठा तोडणारा स्विच) इथे वाचवेल अशा भ्रमात कोणी राहू नये; ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला हातातून हातात गेलेला प्रवाह त्याला दिसतच नाही. याला 'हातमोजे घाला' अशी तळटीप पुरत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी टाचणीनं भोक पाडून 'बसवण्याची' युक्ती, दोन सफाईचे द्रव एकत्र ओतण्याची युक्ती, यांचंही तेच. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, मग ते सिंक साफ करायला असो की जुन्या नळावरचा गंज काढायला.

2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा नावाच्या बाईंनी पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. माणसं बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि जाणकार स्वयंसेवकाच्या शेजारी बसून दुरुस्त करतात. पुढे ही कल्पना देशोदेशी पसरली. मला त्यातलं शेजारी बसणं महत्त्वाचं वाटतं. दुरुस्ती करणारा आधी काय हलवून बघतो, कुठे वास घेतो, कोणता मीटर कुठे लावतो आणि कोणती शंका सोडून देतो, हे बघणाऱ्याला दिसतं. छापील युक्तीत शेजारी कोणी नसतं. म्हणून तिथे ते लिहूनच सांगावं लागतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. युक्ती पाठवणाऱ्यांना आपण चार प्रश्नांची चौकट द्या आणि ती भरल्याशिवाय युक्ती छापू नका : वस्तू नेमकी कोणती, लक्षण काय होतं, कारण हेच आहे हे कशावरून ठरवलं, आणि उपायानंतर किती काळ ठीक चाललं. शेवटचा प्रश्न लोकांना आवडणार नाही, कारण बहुतेक पत्रं पहिल्या आनंदात लिहिली जातात. लिहू द्या, पण आपण तीन महिने थांबून त्यांना एक निरोप पाठवा, अजून चालतंय का विचारा, आणि मगच छापा. जागेची अडचण असेल तर पाच युक्त्यांऐवजी दोन छापा. फसलेल्या प्रयत्नांनाही थोडी जागा द्या. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद भरून स्क्रूचं सैल भोक घट्ट करण्याची युक्ती भरीव लाकडात मस्त चालते, पण पाणी पिऊन फुगलेल्या पार्टिकल बोर्डात काडीला धरायला भुशाशिवाय काही नसतं. तिथे ती कोणाची फसली असेल तर ते वाचून दुसऱ्याचं दार वाचेल. विजेच्या मेन्स लाइनला हात लागणारी युक्ती असेल तर छापण्याआधी एखाद्या इलेक्ट्रिशियनच्या नजरेखालून घाला. आणि चारच्या कंडेन्सरबद्दल येत्या रविवारी खुलासा छापा, त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरात.

जाता जाता, त्याच पानावर तळाशी एका वाचकांचा प्रश्न आहे : घरी जोडलेल्या अँप्लिफायरमधून सतत 'हम्म' असा आवाज येतो, काय करावं? उत्तरं यायला सुरुवात झालीच असेल, आणि त्यात प्लगची अर्थची पिन काढून टाका असं नक्की कोणीतरी लिहिलेलं असणार. तसं केल्यानं आवाज कधीकधी जातो खरा, पण आत फेजची वायर सुटून धातूच्या डब्याला टेकली तर डबा हात लावणाऱ्याची वाट बघत बसतो. ते उत्तर कृपया छापू नका. त्याऐवजी त्यांना हे करून बघायला सांगा. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तर आवाज जातो की तसाच राहतो? तसाच राहिला तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, बहुधा पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरकडे बघायचं. जात असेल तर तो इनपुटकडून येतोय. मग इनपुटच्या सगळ्या केबल काढायच्या आणि चार्जरला न लावलेला, बॅटरीवर चालणारा मोबाइल तेवढा जोडायचा. आवाज गेला तर बहुधा दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फेरा तयार झालाय, आणि तो आवाजाच्या केबलच्या बाजूनं, त्या केबलमध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून तोडता येतो. आवाज जाड, 50 हर्ट्झचा आहे की त्याच्या दुप्पट, जरा कर्कश 100 हर्ट्झचा, हेही ऐकून ठेवायला सांगा. मोबाइलवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं फुकट ॲप मिळतं. 100 असेल तर माझा संशय फिल्टर कपॅसिटरवर जास्त.

त्यांची उत्तरं आली की माझ्याकडे पाठवा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहेच. सर्किटचा कागद असेल तर त्याचाही फोटो मागवा, आणि आतापर्यंत त्यांनी काय काय बदलून झालंय तेही विचारा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
(नाव छापू नये, ही विनंती)